शंभरात पंचाण्णव, तरी शेरा ‘मिक्स्ड’

२१ जून २०२४, शुक्रवार. ‘एल्डन रिंग’ या व्हिडिओ गेमची पुरवणी, म्हणजे मूळ गेमला जोडलेला नवा भाग, त्या दिवशी विक्रीला आली. तिचं नाव ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’. मूळ गेम येऊन सव्वादोन वर्षं होऊन गेली होती आणि लोक अक्षरशः दिवस मोजत होते. समीक्षकांचे लेख तीन दिवस आधीच आले होते. समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावरची सरासरी शंभरात ९४-९५च्या घरात गेली होती, म्हणजे पुरवणीसाठी जवळपास विक्रमी. पहिल्या तीन दिवसांत ५० लाख प्रती खपल्या. आणि त्याच तीन दिवसांत स्टीमवर, जिथे पीसीवाले गेम विकत घेतात आणि मतंही देतात, पुरवणीच्या नावाखाली पिवळट अक्षरांत शेरा आला: ‘मिक्स्ड’. संमिश्र.

त्या रविवारी भाच्याचा फोन आला. “मामा, हे रिव्ह्यूवाले विकले गेलेत. पहिल्याच मोठ्या बॉसनं मला बावीस वेळा मारलं आणि हे म्हणतात मास्टरपीस!”

मी विचारलं, “लेव्हल किती तुझी?”

“दीडशे.”

“आणि स्कॅड्यूट्रीचे तुकडे किती गोळा केलेस?”

पलीकडे जरा शांतता. मग, “कसले तुकडे?”

या प्रश्नाकडे आपण परत येणारच आहोत. पण त्याआधी, ज्यांनी हा गेम कधी हातात घेतला नाही त्यांच्यासाठी थोडं.

मरणं हाच अभ्यासक्रम

एल्डन रिंग जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. जगाचा प्राचीन इतिहास लिहायला त्यांनी अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांना बोलावलं होतं. गेममधलं प्रत्यक्ष लेखन मात्र कंपनीच्याच लोकांचं. जग उद्ध्वस्त आहे. एक सोन्याचं अवाढव्य झाड क्षितिजावर कुठूनही दिसतं, त्याच्या सावलीत अर्धदेव एकमेकांशी लढून वेडे झालेत, आणि तुम्ही कुणीच नाही. अंगावर फाटका कपडा, हातात साधी तलवार, आणि कुठे जायचं हे कुणी धड सांगत नाही.

शत्रूला मारलं की ‘रून्स’ मिळतात. तीच कमाई आणि तोच अनुभव. ते खर्चून आपली ‘लेव्हल’, म्हणजे ताकदीची पातळी, वाढवायची. मेलात की सगळे रून्स मेल्या जागी पडतात. परत चालत जाऊन उचलायचे. वाटेत पुन्हा मेलात तर गेले, कायमचे. प्रत्येक वाराला, प्रत्येक उडीला दम लागतो. पडद्यावर हिरवी पट्टी असते, ती संपली की तुम्ही धापा टाकत उभे आणि समोरचा तयारच. वार चुकवायला लोळण घ्यायची. त्या लोळणीतल्या एका छोट्याशा क्षणात तुम्हाला काहीच लागत नाही. म्हणजे प्रश्न ताकदीचा कमी आणि वेळेचा जास्त. बॉसलाही, म्हणजे वाट अडवून बसलेल्या मोठ्या शत्रूलाही, हे ठाऊक आहे. तो हात वर उचलतो आणि हूल देतो. तुम्ही घाबरून आधीच लोळता, आणि तो मग सावकाश खाली आणतो.

पहिल्या दिवशी हा अन्याय वाटतो. चौथ्या दिवशी हात आपोआप थांबायला लागतो. या खेळांची चव म्हणतात ती हीच: काल जो अशक्य होता तो आज नुसता अवघड, उद्या सोपा, आणि यात बॉस तसूभरही बदललेला नसतो.

हे सूत्र मियाझाकींनी बसवलं ते २००९च्या ‘डेमन्स सोल्स’मध्ये. माणूस मूळचा गेमवाला नव्हे. आधी ओरॅकलमध्ये नोकरी, मग एका मित्रानं सुचवलेला एक गेम खेळून डोकं फिरलं, आणि २००४ साली पगार कमी घेऊन फ्रॉमसॉफ्टवेअरमध्ये दाखल. लहानपणी घरची परिस्थिती बेताची होती. वाचनालयातली न झेपणारी पुस्तकं आणायचे, जे कळायचं नाही ते स्वतःच्या कल्पनेनं भरून काढायचे, असं त्यांनी मुलाखतींत सांगितलं आहे. त्यांच्या गेममधली कथा तुकड्यातुकड्यांत, अंगठीच्या नाहीतर चिलखताच्या वर्णनातल्या दोन ओळींत का लपलेली असते, हे त्यावरून कळतं.

डेमन्स सोल्स तयार होत आला तेव्हा सोनीचे मोठे अधिकारी शुहेई योशिदा यांनी तो खेळून पाहिला. जवळपास दोन तास खेळूनही ते सुरुवातीच्याच भागात अडकले होते. गेम अगदी वाईट आहे असं त्यांचं मत झालं, आणि सोनीनं तो जपान-आशियाबाहेर स्वतः काढला नाही. अमेरिकेत दुसऱ्याच कंपनीनं काढला आणि तिथे तो तोंडातोंडी पसरला. जपानच्या ‘फामित्सू’ साप्ताहिकानंही त्याला ४०पैकी २९ गुण दिले होते, म्हणजे ठीकठाक. पुढे योशिदांनी आपली चूक उघडपणे कबूल केली. त्यांचं मत खोटं नव्हतं, हे लक्षात घ्या. दोन तासांवर उभं राहून पाहिलं तर तो गेम तसाच दिसतो. विसाव्या तासाला वेगळा दिसतो. आणि ऐंशीव्या तासाला कधीकधी परत पहिल्यासारखा दिसायला लागतो, पण ते नंतर.

टक्के वेगळे, पास-नापास वेगळं

आता त्या दोन आकड्यांकडे. लोक ९५ आणि ‘मिक्स्ड’ शेजारी ठेवतात आणि भांडायला बसतात. पण ही दोन मापं एका जातीची नाहीतच.

मेटाक्रिटिक हे टक्केवारीसारखं. वेगवेगळ्या मासिकांनी आणि संकेतस्थळांनी दिलेले गुण घ्यायचे, पाचपैकी चार तारे असतील तर ऐंशी धरायचे, आणि सगळ्यांची सरासरी काढायची. त्यातही काही प्रकाशनांना जास्त वजन दिलं जातं. कुणाला किती, हे ते सांगत नाहीत. जे समीक्षक गुणच देत नाहीत त्यांचं मत सरासरीत येतच नाही.

स्टीमवर टक्के नाहीत. तिथे एकच प्रश्न: मित्राला सुचवाल का? अंगठा वर किंवा खाली. मग शंभरातल्या किती जणांनी वर केला ते मोजायचं. ८०च्या वर गेलात तर ‘व्हेरी पॉझिटिव्ह’, ७० ते ७९ ‘मोस्टली पॉझिटिव्ह’, ४० ते ६९ ‘मिक्स्ड’.

गंमत बघा. शंभर माणसं म्हणाली, गेम बरा आहे, दहापैकी सात. सगळ्यांनी अंगठा वर केला. स्टीमवर निकाल १०० टक्के. दुसऱ्या एका गेमला पासष्ट जणांनी दहापैकी दहा दिले आणि पस्तीस जणांनी वैतागून अंगठा खाली केला. निकाल ‘मिक्स्ड’. वर्गात सगळे पस्तीस मार्कांनी पास झाले तर शाळेचा निकाल शंभर टक्के लागतोच की. म्हणून ‘मिक्स्ड’ याचा अर्थ मध्यम दर्जा असा होत नाही. एकमत नाही, एवढाच होतो. साठ-पासष्ट टक्क्यांच्या ‘मिक्स्ड’मध्येसुद्धा तिघांतले जवळपास दोघे ‘घे बाबा’ म्हणत असतात.

शिवाय स्टीमवर मत द्यायला गेम तुमच्या खात्यात असावा लागतो, आणि किती तास खेळलात ते मतावर छापून येतं. हे मला फार आवडतं. मेटाक्रिटिकवर वाचकही गुण देऊ शकतात, पण तिथे विकत घेतल्याचा पुरावा लागत नाही. एका गाजलेल्या गेमला विक्रीच्या पहिल्याच तासांत हजारो शून्यं पडली, तेव्हा २०२० साली त्यांनी पहिले ३६ तास वाचकांचे गुण बंद ठेवायचा नियम केला. शून्य देणारे तेव्हा इतक्या कमी वेळात गेम संपवणार तरी कसे होते, हा साधा प्रश्न त्यामागे होता.

समीक्षक कुठे उभा असतो

भाच्याला वाटतं तसा समीक्षक विकला गेलेला नसतो. पण तो तुमच्या जागीही नसतो.

त्याला गेम आधी मिळतो. इंटरनेटवर तेव्हा एकही मार्गदर्शक व्हिडिओ नसतो, त्यामुळे तो अडला की त्याला स्वतःच चार वाटा शोधाव्या लागतात. नेमकं हेच एल्डन रिंगला हवं असतं. बॉस आवरत नाही? सोड, घोड्यावर बस, दुसरीकडे जा, काहीतरी मिळवून परत ये. शोधत फिरणं हे समीक्षकाचं कामच आहे आणि गेम फिरणाऱ्यालाच बक्षीस देतो.

दुसरं, संपादक असा गेम कुणाकडे देतो? ज्याला या जातीचे गेम येतात त्याच्याकडे. पुरवणीच्या बाबतीत तर हे आणखी पक्कं, कारण तिचं दार उघडण्यासाठी मूळ गेममधले दोन बॉस मारावे लागतात: स्टारस्कर्ज राडान आणि रक्ताचा स्वामी मोग. मूळ गेम घेतलेल्यांपैकी निम्म्यांनीही मोगला मारलं नव्हतं. म्हणजे पुरवणीवर लिहिणारा समीक्षक आधीच चाळणीतून गाळून आलेला. शास्त्रीय संगीताच्या बैठकीबद्दल बैठकीत नेहमी बसणाऱ्यानंच लिहिलं तर राग विलंबितात फार वेळ चालला अशी तक्रार त्याच्या लेखात येणार नाही. त्यात लबाडी नाही, कान तयार झालेला असतो एवढंच.

तिसरी गोष्ट यंत्राची. फेब्रुवारी २०२२मध्ये मूळ एल्डन रिंग आला तेव्हासुद्धा स्टीमवर पहिल्या दिवसांत ‘मिक्स्ड’च होतं, हे आता बरेच जण विसरलेत. समीक्षकांपैकी बरेच जण प्लेस्टेशन ५वर खेळले होते. पीसीवर गेम अडखळत होता, नवं दृश्य समोर आलं की क्षणभर गोठायचा. दुसऱ्या कुठल्या गेममध्ये हे चालून गेलं असतं. इथे सगळी लढाईच सेकंदाच्या तुकड्यांवर. बॉसचा हात खाली येताना चित्र थबकलं तर तुम्ही मेलात, आणि तुमची चूक काहीच नव्हती. त्या दिवसांतले खाली गेलेले अंगठे गेमच्या कठीणपणाबद्दल नव्हतेच. पुढे दुरुस्त्या आल्या, शेरा वर सरकला, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम हा मान एल्डन रिंगलाच मिळाला.

आपल्याकडे तीन-चार वर्षं जुन्या लॅपटॉपवर खेळणारी पोरं काही कमी नाहीत. त्यांच्यासाठी प्लेस्टेशनवर लिहिलेली समीक्षा म्हणजे एसी डब्यातल्या प्रवाशानं जनरलच्या प्रवाशाला गाडी कशी आहे ते सांगणं.

तर, ते तुकडे

पुरवणी बनवताना कंपनीपुढे खरोखरचा पेच होता. परत येणारा खेळाडू कुठल्या लेव्हलचा असेल? कुणी शंभरवर थांबलेला, कुणी तीनशेच्या पुढे. शंभरवाल्यासाठी बॉस बेतला तर तीनशेवाला त्याला फुंकरीनं उडवणार. उलट केलं तर शंभरवाला दारातच संपणार.

त्यांनी काढलेला तोडगा असा की पुरवणीच्या प्रदेशात तुमच्या लेव्हलचा दिमाख फारसा चालत नाही. तिथे वेगळी मोजपट्टी आहे, ‘स्कॅड्यूट्री ब्लेसिंग’ नावाची. त्या प्रदेशात ५० तुकडे विखुरलेत. काही मिकेला नावाच्या अर्धदेवाच्या क्रुसांपाशी सहज सापडतात, काही आडबाजूला, काही विशिष्ट शत्रूंकडे. ते जमवून आशीर्वादाच्या २० पायऱ्या चढायच्या. प्रत्येक पायरीला तुमचा मार वाढतो आणि तुम्हाला लागणारा मार घटतो. पुरवणीबाहेर पाऊल टाकलं की या आशीर्वादाचा उपयोग शून्य.

कल्पना हुशारीची आहे. पण तिची गाठ पडली माणसाच्या स्वभावाशी. दोन वर्षांपूर्वी दीडशे लेव्हलला पोचलेला माणूस परत येतो तो जेत्याच्या तोऱ्यात. हाताची सवय गेलेली असते, तोरा मात्र शाबूत. तो सरळ पहिल्या किल्ल्यात घुसतो आणि नाचणाऱ्या सिंहाच्या रूपातल्या बॉसपुढे उभा राहतो. एक-दोन फटक्यांत आडवा. तो म्हणतो, दीडशे लेव्हल असून हे? काहीतरी चुकलंय. चुकलं काहीच नाही. गेमच्या नव्या मोजपट्टीत तो शून्यावर उभा आहे, आणि हे त्याला पुरेसं ठासून कुणी सांगितलेलं नाही.

दोष कुणाचा? माझं मत, अर्धा-अर्धा. सूचना पडद्यावर येते, पण एल्डन रिंग खेळणाऱ्यांना सूचना वाचून पुढे ढकलायची सवय याच गेमनं लावली आहे. प्रकाशक बांदाई नामको यांनी त्या शनिवार-रविवारी समाजमाध्यमावरून आठवण करून दिली, की बाबांनो, आशीर्वाद वाढवा. पहिला आठवडा संपायच्या आत दुरुस्तीही आली: आशीर्वादाच्या सुरुवातीच्या पायऱ्यांचा परिणाम वाढवला. म्हणजे बॉसला हात न लावता खेळाडूला वर उचललं. नंतर पुरवणीचा स्टीमवरचा शेरा हळूहळू सुधारत गेला.

भाच्यानं तीन दिवसांत नऊ तुकडे गोळा केले आणि सिंह मारला. त्यानं आपला खाली केलेला अंगठा बदलला का, असं मी विचारलं. “राहू दे,” म्हणाला, “कोण परत जाऊन बदलतंय.” स्टीमवरचे किती अंगठे असे रागाच्या भरात खाली जाऊन तिथेच गोठलेले असतील, कोण जाणे.

‘कठीण आहे’ म्हणजे नक्की काय आहे?

खेळाडूंची मतं वाचताना मी एक गोष्ट करतो. ‘कठीण’ हा शब्द दिसला की पुढचं वाक्य बघतो. कारण त्या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या तक्रारी नांदत असतात.

‘दोन फटक्यांत मरतो’ ही आकड्यांची तक्रार. तिच्यावर गेममध्येच उपाय असतो: तुकडे, जड चिलखत, जास्त आयुष्य. ‘बॉस थांबतच नाही, मी मारू कधी?’ ही तालाची तक्रार आणि ती जास्त गंभीर. याच कंपनीच्या २०११च्या ‘डार्क सोल्स’मध्ये लढाई आळीपाळीनं चालायची. तो तीन वार करणार, मग श्वास घेणार, तेव्हा तुम्ही एक मारणार. एल्डन रिंगमधले बॉस, आणि पुरवणीतले तर फारच, लांबलचक माळ लावतात आणि मधेच वेग बदलतात. ऐंशी तासांनंतर मत पुन्हा फिरतं म्हटलं ते इथे. ज्यांनी या मालिकेवर वर्षानुवर्षं प्रेम केलं त्यांच्यातल्याच काही जणांना आता वाटतं की बॉस पळतोय आणि आपला वीर मात्र २०११च्याच वेगानं चालतोय.

मलेनियाचं उदाहरण घ्या. मूळ गेममधली ही बॉस तुम्हाला मारते तेव्हा तिचं स्वतःचं आयुष्य वाढतं, ढालीवर वार झेललात तरीही. वर हवेत तरंगून वारांचा पाऊस पाडणारा तिचा ‘वॉटरफाउल डान्स’. कुणाला ती फ्रॉमसॉफ्टवेअरची सर्वोत्तम लढाई वाटते, कुणाला गेमनं स्वतःचेच नियम मोडलेत असं वाटतं. दोघेही तिच्या बाबतीत बरोबर आहेत, मला तरी असंच वाटतं.

याच मलेनियावरून २०२२मध्ये एक भन्नाट प्रकार घडला. ‘लेट मी सोलो हर’ असं टोपणनाव घेतलेला एक खेळाडू, डोक्यावर मातीचा घडा, अंगावर लंगोटी, बाकी काही नाही, अनोळखी लोकांच्या जगात मदतीला जायचा आणि त्यांना बाजूला उभं करून एकट्यानं मलेनियाला मारायचा. एक हजारांहून अधिक वेळा मारलं. बांदाई नामकोनं त्याला खरी तलवार भेट पाठवली. एकमेकांना असं हात देणं मियाझाकींच्या डोक्यात पहिल्या गेमपासून होतं. बर्फाळ चढावर अडकलेल्या गाड्यांना मागचे अनोळखी लोक धक्का देत होते, आणि चढ पार झाल्यावर कुणी कुणाचे आभार मानायला थांबलं नाही, हा प्रसंग त्यांनी त्या संदर्भात सांगितला आहे.

तिसरी तक्रार: ‘मला दिसतच नाही.’ पुरवणीचा शेवटचा बॉस, पुन्हा राडान, नव्या रूपात. दुसऱ्या टप्प्यात त्याच्या प्रत्येक वारामागे उजेडाचे इतके झोत उठतात की त्याचा हात कुठे आहे हेच कळत नाही. ज्या गेमचं सगळं न्यायाचं गणित ‘बघ, शीक, चुकव’ या तीन पायऱ्यांवर उभं आहे त्यात पहिली पायरीच काढून घेतली तर उरतं काय? समीक्षकांच्या लेखांत या लढाईबद्दल फारसं सापडत नाही. शेवटचा बॉस कोण हे उघड करायचं नसतं, हे एक सरळ कारण आहेच. त्यामुळे पुरवणीतल्या सगळ्यांत वादग्रस्त लढाईची खरी चर्चा पूर्णपणे खेळाडूंनी केली, आणि ती नेमकी केली. ११ सप्टेंबर २०२४च्या पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीत, कंपनीनं त्या राडानचे काही वार सौम्य केले आणि काही वारांचं दिसणं सुधारलं. बाकीच्या बॉसना जवळपास तसंच ठेवून याच एकाला त्यांनी हात लावला.

समीक्षकांनी ओळभरात उरकलेली आणि खेळाडूंनी पानंच्या पानं लिहिलेली आणखी एक गोष्ट म्हणजे पुनरावृत्ती. मूळ गेमच्या उत्तरार्धात तेच बॉस, तीच तळघरं पुन्हा भेटतात. पुरवणीतही काही भाग दिसायला विलक्षण आणि आत रिकामे. फिंगर रुइन्स नावाच्या अवशेषांकडे मी अर्धा तास घोडा दामटला तो आठवतो. हाती फारसं काही आलं नाही, पण दृश्य मात्र अजून डोळ्यांपुढे आहे.

एक टप्पा आऊट

खेळाडू विरुद्ध समीक्षक हे भांडण तसं सौम्य आहे. खरं भांडण खेळाडूंच्या आपापसात.

एल्डन रिंगमध्ये ‘सोपं-मध्यम-कठीण’ असं निवडायचं बटण नाही. पण सोपं करायची साधनं गेमभर पसरली आहेत. आत्मे बोलावता येतात, ते तुमच्या बाजूनं लढतात. त्यातला ‘मिमिक टिअर’ तर तुमचीच हुबेहूब प्रतिकृती. लांबून जादू फेकता येते. मोठी ढाल पुढे धरून मागून भाला टोचत बसता येतं. पुरवणीत हे ढाल-भाला प्रकरण इतकं चाललं की भले भले बॉस त्यापुढे गरीब झाले. मित्रांना मदतीला बोलावता येतं. म्हणजे कठीणपणाचं बटण आहे, फक्त ते मेनूत नसून पिशवीत आहे.

आणि इथे गल्ली क्रिकेट सुरू होतं. ‘आत्मा बोलावलास? मग ते धरत नाही.’ ‘जादू वापरलीस? मग तू जिंकला नाहीस.’ एक टप्पा आऊट, भिंतीला लागून कॅच आऊट, गच्चीवर गेला तर मारणाराच आणणार, हे नियम जसे ज्याच्या त्याच्या गल्लीचे, तसेच हे. गेम बनवणाऱ्यांनी असा नियम कुठेही केलेला नाही. उलट काही लढाया आत्मा बोलावणार हे धरूनच बेतल्यासारख्या वाटतात. पण ‘गिट गुड’, म्हणजे ‘आधी नीट खेळायला शीक’, हे या मंडळींचं ब्रीद. अंगठा खाली करणाऱ्या प्रत्येकाला तेच उत्तर, मग त्याची तक्रार उजेडाच्या झोताबद्दल असो की अडखळणाऱ्या पीसीबद्दल.

सोप्या पातळीबद्दल मियाझाकींची भूमिका पुरवणीच्या वेळच्या मुलाखतींतही तीच होती: अडचण कमी करत गेलं तर जास्त लोक खेळतील हे खरं, पण पार केल्याचा आनंद त्यातच आहे, तो काढला तर गेमच मोडतो. त्याआधी, मूळ गेमच्या वेळी, ज्यांना हे सगळं झेपत नाही त्यांच्याबद्दल त्यांनी दिलगिरीसुद्धा व्यक्त केली होती. बॉसच्या बाबतीत मला त्यांचं म्हणणं पटतं.

पण एल्डन रिंगला पॉज नाही! इंटरनेट बंद करून एकटे खेळत असाल तरी नाही. मेनू उघडा, मागे गेम चालूच राहतो. दारावरची बेल, कुकरची तिसरी शिट्टी, आजीची हाक, यातलं काहीही मलेनियाला थांबवत नाही. खेळाडूंनी शोधून काढलं की मेनूतल्या ‘मेनू एक्सप्लनेशन’ नावाच्या पानावर गेलं तर गेम थांबतो. म्हणजे थांबवता येत होतं. याच कंपनीच्या २०१९च्या ‘सेकिरो’त पॉज आहे, आणि तो काही कुणाला सोपा वाटला नाही. हात दुखणारे, लहान मूल सांभाळत खेळणारे, एका हातानं खेळणारे, यांच्या वाटेतला हा दगड आहे आणि त्यात मला कसलीच कला दिसत नाही. समीक्षांमध्ये या मुद्द्याला मिळालेली जागा पाहिली की वाटतं, बहुतेक लेख कुणीतरी बंद खोलीत, शांतपणे, ऑफिसच्या वेळात खेळून लिहिलेत.

हे सगळं भाच्याला एका फोनवर सांगणं शक्य नव्हतं. मी त्याला एवढंच म्हटलं की शेवटच्या राडानपर्यंत पोच, मग बोलू. पोचला. १४ सप्टेंबरच्या पहाटे पावणेतीनला व्हॉट्सॲपवर फोटो आला. मॉनिटरवर बॉस पडल्याची सोनेरी अक्षरं, खाली कोपऱ्यात चहाचे तीन कप. दिवाळीत सगळे घरी जमले तेव्हा फराळाच्या ताटावर बसून तो धाकट्या मावसभावाला बजावत होता, “आता तो बॉस काय, कुणीही मारेल रे. मी पॅचच्या आधी मारलाय.”

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी चकलीचा तुकडा मोडला आणि काही बोललो नाही.